बोटीची काच

आमच्या घरी सकाळी जाग यायची ती काचांच्या आवाजानं. शहापूरला हायवेला लागूनच बाबांचं दुकान, दुकानामागे आमच्या दोन खोल्या, आणि मधल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या ट्रकच्या, जीपच्या, बसच्या काचा. रस्त्यानं ट्रक गेला की त्या सगळ्या एकदम गुणगुणायच्या. भरलेला ट्रक असला की आवाज जाड, रिकामा असला की पातळ, आणि माय चुलीपाशी बसूनच सांगायची, धान भरून तुमसरकडे चालला का रिकामा परत येऊन राहिला ते. पाहुणे मुक्कामाला आले की बिचाऱ्यांचा डोळा लागायचा नाही. मला मात्र उलटी खोड लागली. आता केस पिकले, चष्म्याशिवाय दोरा ओवता येत नाही, पण शांत खोलीत झोप म्हणून येत नाही. मुलगी चिडवते, म्हणते आई, तुझ्यासाठी एक ट्रक भाड्यानं आणून दाराशी उभा करावा लागेल. आणा म्हणते मी, लोडचा आणा.

बाबांना सारा हायवे मिस्त्री म्हणून ओळखायचा. धंदा एकच, फुटकी काच काढायची आणि नवी बसवायची. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकानं तळहातानं थापा मारायच्या आणि आतून दुसऱ्यानं सुतळी ओढत न्यायची, म्हणजे रबर पत्र्यावर बसतं. दहा-बारा वर्षांची असल्यापासून सुतळी ओढायला मी. पण सगळं झाल्यावर एक काम बाबा कोणाला करू द्यायचे नाहीत. पेट्रोलमध्ये बुडवलेला जुन्या धोतराचा बोळा घ्यायचे आणि बसवलेली काच वरून खाली पुसायचे. काच करकर वाजायची. तो आवाज आला की ड्रायव्हर चहा टाकून उठायचा, कारण मिस्त्रीचा हात फिरल्याशिवाय गाडी दुकानातून हलायची नाही हे त्याला ठाऊक असायचं. एकदा मी हौसेनं बोळा उचलला तर हातातून हिसकून घेतला होता.

काचेनंच बाबांचा डावा डोळा नेला होता. मी लहान होते, मला ते आठवत नाही, पण त्यानंतरची सवय आठवते. जरा वारा लागला की त्यांचा उजवा हात आपोआप उरलेल्या डोळ्यापुढे जायचा. लुनावर मागे बसले की हात डोळ्यापुढे, बसच्या खिडकीशी बसले की हात डोळ्यापुढे. मामाच्या लग्नातला फोटो आहे, त्यात सगळे हसतायत आणि बाबा मात्र सलाम ठोकल्यासारखे उभे, कारण जवळ टेबलफॅन फिरत होता. माय म्हणायची, "ह्या माणसाचा एक हात देवानं डोळ्यालेच देल्ला."

त्या वर्षी बाबांनी दुकान सोडायचं ठरवलं. भंडाऱ्याचा माझा चुलतभाऊ गजूदादा आमच्या जागेत टायरचं दुकान टाकणार होता. मी कॉलेज संपवून घरी बसले होते, म्हणजे नावाला घरी, हात दिवसभर दुकानातच. दुकान मला द्या, असं मी एकदा जेवताना सरळ बोलून टाकलं. पानात लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, भात होता, अंबाडीची भाजी होती. बाबांनी घास खाली ठेवला. "एक डोळा देल्ला म्या काचेले," म्हणाले. "आता माह्या पोरीचा नाही देत." आणि पुन्हा जेवायला लागले. मायनं माझ्याकडे पाहून मान हलवली, आता गप बस अशा अर्थानं. मी गप बसले, पण ऐकलं नाही. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू. भीती त्यांची आणि कुलूप माझ्या हाताला, हा कोणता न्याय?

अशातच एका दुपारी ती बोट आली. जीपच्या मागे ट्रॉली आणि ट्रॉलीवर लालभडक, लांब नाकाची, चपटी बोट. आमच्याकडे बोट म्हणजे डोंगा, फार तर मच्छीमारांची पत्र्याची नाव. ही पाहायला शाळेतली पोरं, चहावाला, पंक्चरवाला, सगळे जमा झाले. बोटीचे मालक होते तुमसरच्या राइस मिलवाल्यांचे धाकटे, मनीषबाबू. धरणाच्या पसरलेल्या पाण्यावर लोकांना फिरवायला त्यांनी ती समुद्राकडून, शर्यतीतली, जुनी घेतली होती. चालवायला त्यांनी देवाजींना ठेवलं होतं. देवाजींची हयात वैनगंगेवर डोंगा हाकण्यात गेलेली, पाण्याची नस ओळखणारा माणूस. पण बोटीला पुढे काचच नव्हती. वेग धरला की वारा डोळे उघडू द्यायचा नाही, पाण्याचे थेंब खड्यांसारखे तोंडावर बसायचे आणि संध्याकाळी चिलटं. देवाजी वेल्डिंगवाल्याचा चष्मा लावून पाहून चुकले होते. "दिसत तं काहीच नाही जी," ते बाबांना म्हणाले, "अंदाजानं हाकतो. एकटा असलो तं ठीक हाय, पण उद्या यात लेकरं बसतीन."

बाबा बोटीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, काच म्हणजे काच, जीपची काय अन् बोटीची काय. लोखंडी पट्टीची चौकट केली, त्यात जीपसारखी सरळ उभी काच, भोवती रबर गच्च. करकर वाजवत पुसली. बोट अशी दिसायला लागली की जीप पाण्यात उतरली आणि फक्त तोंड वर राहिलं. आम्ही सगळे धरणाच्या काठाला गेलो. देवाजींनी बोट पळवली, एक वळसा झाला, दुसऱ्या वळशाला बोट पाण्यावर आपटायला लागली आणि काठापर्यंत कडकन आवाज आला. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. देवाजींची टोपीही गेली होती. सरळ काचेवर आदळून वारा वरून उडी मारतो आणि मानेवर पडतो, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं, शेठला फोन लाव, बोट घेऊन जा म्हण. "रस्ता सपाट असते, पाणी नसते. हे आपलं काम नव्हे." मी म्हटलं फोन लावते, पण बोट मी करते म्हणून सांगते. बाबांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, ही काच मी बसवली आणि ती टिकली तर दुकान माझं. नाही टिकली तर गजूदादाचं, आणि मी पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. मायनं चूल फुंकणं थांबवलं. बाबा जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं: "कर. पण मी त्याच्याकडे पाह्यणार नाही." माणूस शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून दुकानासमोर एवढी लालभडक बोट उभी असताना ते तिच्याकडे पाठ करून बसायचे.

मी काठावर उभी राहून एक गोष्ट पाहिली होती. बोट आपटली की तिच्या दोन्ही कडा एकत्र हलत नव्हत्या, अंग पिळल्यासारखं व्हायचं. देवाजींना विचारलं तर ते हसले, म्हणाले डोंगा असो का हे, पाण्यावर हलनच पोरी, नाही हलला तं तुटन. मग गच्च बसवलेली काच तुटणारच की. तिथे काच नकोच होती. भंडाऱ्याला दुकानांचे बोर्ड करणारा एक जण होता, त्याच्याकडे काचेसारखे आरपार दिसणारे ॲक्रिलिकचे पत्रे असायचे. त्याच्या दारात मी इतक्या वेळा गेले की शेवटी त्याच्या बायकोनं मला भाजी निवडायला बसवली. पण त्यानं सगळं शिकवलं. पत्रा तापवला की पापडासारखा मऊ पडतो आणि वाकतो. भोक पाडायचं तर ड्रिल बोथट करून, हळू. स्क्रूपेक्षा भोक मोठं ठेवायचं, मध्ये रबराची चकती, आणि स्क्रू आवळायचा नाही. आणि थिनर, पेट्रोल काही म्हणजे काही लागू द्यायचं नाही. मी सगळं डोक्यात ठेवलं.

प्रश्न उरला काच किती उंच आणि किती तिरकी. पाण्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहायला डिझेल-पेट्रोल लागतं, आणि मनीषबाबूंचा धीर संपत आला होता. मग माझ्या मनात आलं, वारा काय फक्त पाण्यावरच लागतो? फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मध्ये खिडकी पाडून पातळ प्लॅस्टिक चिकटवलं आणि बोटीवर बांधला. माझा मामा मोहाडीला कोसा, म्हणजे रानरेशमाचं कापड, विणायचा, त्याच्याकडून सुताचे तुटके धागे आणले होते, ते पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला ओळीनं बांधले. पहाटे रस्ता मोकळा असताना जीपला ट्रॉली जोडली. देवाजी बोटीत सुकाणूवर बसले, मी त्यांच्या शेजारी, आणि मनीषबाबूंनी जीप हायवेवर सोडली. हायवेवरून बोट चाललेली पाहून एका ढाब्यावरची माणसं बाजेवरून उठून उभी राहिली. एक ट्रकवाला आमच्या बाजूनं जाता जाता ओरडला, "काहो काका, नदी मागंच राह्यली." देवाजींनी त्याला शांतपणे हात केला. मी धाग्यांकडे पाहत होते. पुठ्ठा सरळ असला की धागे उलटे वळून देवाजींच्या तोंडावर यायचे. मागे झुकवत गेले तसे ते वर उठले, आणि एका ठिकाणी सगळेच्या सगळे त्यांच्या टोपीवरून सरळ मागे वाहायला लागले. टोपी हलली नाही. मी तिथेच खडूनं रेघ मारली. इतका आनंद मला नंतर पोटच्या पोराच्या वेळीच झाला असेल.

साचा केला लाकडी पट्ट्यांचा आणि प्लायवूडचा, त्यावर मामाच्या मागावरचं वाया गेलेलं मऊ कापड ताणून बसवलं, म्हणजे पत्र्यावर डाग उमटू नये. तापवायचं कुठं? रस्त्यापलीकडे स्टीलची कपाटं करणाऱ्याकडे रंग भाजायची खोलीएवढी भट्टी होती. लग्नसराईचे दिवस, तो श्वास घ्यायला मोकळा नव्हता. मायनं त्याला तिळाची चटणी आणि गरम पानगे नेऊन दिले, आणि जेवणाच्या सुट्टीत भट्टी आम्हाला मिळाली. आधी लहान तुकडे टाकून पाहिले. पहिला फुगला, त्यात बुडबुडे आले, जळक्या साखरेसारखा वास सुटला. भट्टीचा काटा खाली आणत आणत पुढचा तुकडा अलगद वाकला. मग मोठा पत्रा. जाड हातमोजे घालून मी आणि मामानं तो उचलून साच्यावर टाकला आणि तो आपल्या वजनानं बेतल्यासारखा खाली बसला. कपाटवाल्याचे कामगार डबा हातात घेऊन पाहत उभे होते.

एका संध्याकाळी काच बोटीवर बसली. मागे झुकलेली, मधून वळलेली, लाल रंगावर पाण्यासारखी स्वच्छ. सकाळी मनीषबाबू न्यायला येणार होते. मायनं तिला हळद-कुंकू लावलं, बाजूला, नजरेला येणार नाही असं. बाबा जेवले आणि झोपले. मी पडल्या पडल्या भिंतीपलीकडच्या काचा ऐकत होते आणि मनात दुकानाला नवा रंग देत होते.

पहाटे जाग आली ती करकर आवाजानं. पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं, रोजचा आवाज. मग उठून बसले. दुकानात पुसण्यासारखी एकही काच बसवलेली नव्हती. मी तशीच, अनवाणी, केस सुटलेले, बाहेर धावले. बाबा बोटीत चढलेले, हातात बोळा, आणि अंगणभर पेट्रोलचा वास. ते थांबले होते. काचेच्या वाकलेल्या भागात, प्रत्येक स्क्रूपाशी, बारीक बारीक चिरा उमलत चालल्या होत्या. उन्हाळ्यात शेतातली बोडी आटली की तिचा तळ भेगाळतो तसं, फक्त डोळ्यादेखत. आवाज काहीच नव्हता.

"मी तं रोजच्यासारखंच पुसलं," बाबा म्हणाले.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिण्यासारखं नसावं. पेट्रोल लावायचं नसतं हे मला माहीत होतं, पण ज्या माणसानं बोटीकडे पाहायचंच नाही अशी शपथ घेतलेली, त्याला कोण कशाला सांगेल? मी न्हाणीत जाऊन दार लावून रडले. माय दाराबाहेर येऊन बसली आणि तिनं एवढंच विचारलं, "वंदे, तुह्या बापानं कोन्या परक्याच्या दुकानातली काच पुसली काय कधी?" मला कळायला जरा वेळ लागला. ते फक्त आपल्या दुकानाची काच पुसायचे. तयार झालेली, रस्त्यावर जायला लायक असलेली काच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामावर हात फिरवला होता, आणि त्याच हातानं ते गेलं. राग गेला नाही माझा. पण रडणं थांबलं. तोंड धुतलं आणि बाहेर आले.

मनीषबाबूंची जीप येऊन उभी होती. ते चिडले होते आणि त्यांचं चुकतही नव्हतं. पाहुणे ठरलेले होते, ते म्हणाले बोट आत्ताच नागपूरला नेतो, तिकडे कोणी ना कोणी करून देईल. मी म्हटलं, साचा माझ्याकडे आहे, रेघ माझ्याकडे आहे, पत्रा आज आणते, भट्टी दुपारी मिळते. आणि बोट बिनकाचेची पाण्यात घालणार असाल तर आधी देवाजींच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला सांगून या. ते बाबांकडे वळले, तुमच्या मुलीला सांभाळा म्हणणार असं मला वाटलं. बाबा बोळा हातात धरून तसेच उभे होते. "काच म्या खराब केली," ते म्हणाले. "काम थे करते. तिलेच विचारा." मनीषबाबू काही वेळ जीपच्या बॉनेटवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, पाहुण्यांना मी समजावतो.

दुसरी काच पहिलीपेक्षा चांगली झाली, हेही सांगून टाकते. हात बसला होता. यावेळी पत्रा उचलायला मामा नव्हता, त्याच्या मागावर काम पडलं होतं. भट्टीच्या दारात हातमोजे घालून बाबा येऊन उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं. "कोनतं टोक धरू?" एवढंच विचारलं. मी टोक दाखवलं. झळ लागली तरी त्यांनी डोळ्यापुढे हात नेला नाही, हात दोन्ही पत्र्याला गुंतले होते, फक्त मान वळवली. स्क्रू बसवताना त्यांची बोटं आवळायला शिवशिवत होती, ते मला दिसत होतं. मी पाना काढून घेतला. त्यांनी देऊन टाकला.

सगळं झालं तसे बाबा आत गेले. मला वाटलं झोपायला गेले असतील. ते परत आले ते हातात काहीही न घेता. बोटीपाशी उभे राहिले, काचेला हात न लावता त्यांनी इकडून तिकडे पाहिलं आणि मला म्हणाले:

"कायनं पुसू, सांग."

मी म्हटलं, साबणाच्या पाण्यानं. आणि धोतर नाही, मामाचा मऊ कपडा. त्यांनी बादली भरली, साबण कालवला आणि वरून खाली पुसायला सुरुवात केली. करकर आवाज आला नाही. त्यांना तो यायला हवा होता, दोनदा थांबून कान देऊन पाहिलं त्यांनी. मग तसंच पुसत राहिले.

धरणाच्या काठावर माय डबा घेऊन थांबली. बोटीत देवाजी, त्यांच्या शेजारी बाबा आणि मागे मी. बाबा चढायलाच तयार नव्हते, मायनं दम दिला तेव्हा चढले. सुरुवातीला पाणी मवाळ होतं, मग देवाजींनी सोडली बोट. नाक वर उठलं, काठावरची झाडं पळायला लागली, बोट आपटू लागली, आणि मी काचेवर नजर खिळवून बसले. ती हलत होती. आपल्या जागेत, रबराच्या चकत्यांवर, बोटीसोबत हलत होती. बाबांचा उजवा हात केव्हाच डोळ्यापुढे गेला होता. देवाजींनी आणखी वेग वाढवला, डोक्यावरून वारा सूं सूं करत जात होता, आणि काचेच्या आड इतकी शांतता होती की देवाजी स्वतःशी गुणगुणत होते ते ऐकू येत होतं. बाबांनी बोटं जराशी फाकवली. फटीतून पाहिलं. मग हात थोडा खाली आणला, नाकाशी ठेवला. मग पूर्ण खाली घेऊन मांडीवर ठेवला. डोळा उघडा. समोर पाणीच पाणी, त्यावर ऊन, आणि ते पापणीही न लवता पाहत होते. मागून मला त्यांची मान दिसत होती. मला रडू आलं, ते वाऱ्यानं आलं असं म्हणायची सोय माझ्याच काचेनं ठेवली नव्हती.

"वंदे," ते मागे न वळता म्हणाले. ओरडायची गरजच नव्हती. "उद्या करडी गावचा ट्रक येऊन राह्यला. त्याची काच तू बसवजो."

मी म्हटलं, "अन् पुसन कोन?"

ते पाण्याकडेच पाहत होते.

"जो बसवन, तोच पुसन."